मुंबईच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत आनुवंशिकशास्त्राला जागा कोठे द्यावी?

महापालिकेच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारले आहे की, जनुकीय तपासण्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झालेल्या असताना मुंबईतील प्रत्येक नागरिकाची अशी तपासणी एकदा करून घेतली, तर मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांना वेळीच अडवता येईल का. आणि तसे नसेल, तर मानवी आनुवंशिकशास्त्राचा रोगप्रतिबंधाशी संबंध नेमका कोठे जुळतो. मी वैद्यकीय आनुवंशिकशास्त्रात काम करते आणि माझे बहुतेक काम याच शहरातील सार्वजनिक रुग्णालयांच्या ओपीडीत झाले आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांसारख्या आजारांत शेकडो जनुकीय फरकांचा प्रत्येकी अगदी थोडा वाटा असतो. त्या सर्वांची बेरीज करून धोक्याचा जो आकडा काढला जातो, तो ज्या अभ्यासांवर बेतलेला असतो त्यांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. तो जसाच्या तसा भांडुपच्या किंवा गोवंडीच्या माणसाला लावणे शास्त्राला धरून होणार नाही. जीनोम इंडिया या प्रकल्पातून सुमारे १०,००० भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ही मोठी गोष्ट आहे, पण ती संशोधनाची सुरुवात आहे, दवाखान्यात वापरायचे साधन नव्हे. आणि समजा, आकडा अचूक निघाला, तरी त्या माणसाला आपण काय सांगणार? वजन आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, चाला, रक्तदाब आणि साखर तपासत राहा, हेच. ते सांगण्यासाठी जनुकांची गरज नाही; आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे का, एवढे विचारले तरी बराच अंदाज येतो, आणि तो प्रश्न फुकट विचारता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली कोणत्या आजाराची चाचणी लोकसंख्येच्या पातळीवर करावी याचे निकष मांडले, आणि मला ते आजही उपयोगी वाटतात: आजार गंभीर असावा, लक्षणे दिसण्याआधी ओळखता यावा, चाचणी लोकांना मान्य होईल इतकी सोपी असावी, आणि निदान झाल्यावर देण्याजोगे उपचार खरोखर हाताशी असावेत. या कसोटीवर सर्वांची सरसकट जनुकीय तपासणी उतरत नाही. काही मोजके आजार मात्र नीट उतरतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे बरेचसे साहित्य महापालिकेच्या प्रयोगशाळांत आजच उपलब्ध आहे.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक रक्तविकार. बीटा थॅलेसेमियाचे वाहक (दोनपैकी एकाच जनुकात दोष असलेली माणसे) भारतात सरासरी ३ ते ४ टक्के आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा काही समाजांत हे प्रमाण बरेच अधिक आहे, आणि उल्हासनगरपासून मुलुंडपर्यंत या समाजांची मोठी वस्ती आहे. म्हणून मराठी घरांनी निश्चिंत राहावे असे मात्र नाही. वाहक सर्व जातिधर्मांत सापडतात. वाहकाला स्वतःला आजार नसतो, फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी असते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर स्वरूपाचा आजार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून ती दुसऱ्या वेळी कमी होत नाही, आणि पहिले आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील असेही नाही. हा गैरसमज मला सुशिक्षित घरांतही वारंवार दिसतो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, शरीरात साठत जाणारे लोह बाहेर काढण्यासाठी रोज औषध द्यावे लागते, आणि कायमचा उपाय म्हणजे जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्यासाठी बोरिवलीत महापालिकेचे स्वतंत्र केंद्र आहे आणि तेथे होणारे काम अमोल आहे, परंतु देशात दरवर्षी अशी सुमारे १०,००० मुले जन्माला येत असताना केवळ प्रत्यारोपणावर भिस्त ठेवता येत नाही.

वाहक ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि ती प्रसूतीसाठी नाव घालायला आलेल्या प्रत्येक स्त्रीची होतेच. त्या कागदावर एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) आणि एमसीएच (प्रत्येक पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन) हे दोन आकडे छापलेले असतात. पहिला ८० च्या खाली किंवा दुसरा २७ च्या खाली असेल, तर पुढे एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी करून एचबीए२ या प्रकाराचे प्रमाण मोजायचे असते. ते ४ टक्के किंवा अधिक असेल तर ती स्त्री वाहक असते. प्रत्यक्षात मात्र आपली नजर हिमोग्लोबिनच्या आकड्यावरच थांबते. तो ९ किंवा १० दिसला की लोहाच्या गोळ्या लिहिल्या जातात, पुढच्या भेटीत आकडा तेथेच असतो, आणि मग गोळ्या नीट घेत नसल्याचा ठपका त्या बाईवर येतो. तिने त्या नियमाने घेतलेल्या असतात. तिच्या तांबड्या पेशी जन्मापासूनच लहान असतात आणि गोळ्यांनी त्या मोठ्या होणार नसतात. तांबड्या पेशींची संख्या दर मायक्रोलिटर रक्तात ५० लाखांच्या वर आणि पेशी मात्र लहान, असे चित्र दिसले तर थॅलेसेमियाची शंका पक्की धरावी. यात एक अडचण ध्यानात ठेवायला हवी. आपल्याकडे बायकांत लोहाची कमतरताही सर्रास असते, आणि ती सोबत असेल तर एचबीए२ थोडे कमी दिसून अहवाल ३.५ ते ३.९ अशा सीमारेषेवर अडकतो. गरोदर नसलेल्या स्त्रीत आधी लोह भरून काढून मग चाचणी पुन्हा करणे योग्य; गरोदर स्त्रीत तेवढा वेळ नसतो, तेव्हा लोह सुरू करावे आणि त्याच दिवशी नवऱ्याला तपासणीसाठी बोलवावे.

हिशेब मांडून पाहू. १,००० गरोदर स्त्रियांमागे ३० ते ४० वाहक निघतील. एवढ्यांच्याच नवऱ्यांची तपासणी करायची आहे, आणि त्यांच्यापैकी साधारण एक किंवा दोन वाहक असतील. आपल्याकडे लग्ने बहुधा जातीतच होत असल्याने काही समाजांत हा आकडा वाढतो. म्हणजे गर्भाच्या तपासणीपर्यंत जाण्याची वेळ १,००० कुटुंबांतून फारच थोड्यांवर येते. याहून कमी खर्चात एवढे दुःख टाळणारे काम सार्वजनिक आरोग्यात क्वचितच सापडेल.

तरीही ते होत नाही, आणि अडतो तो नवरा. तो कंत्राटी कामावर असतो, एक दिवस गेला की एक दिवसाचा पगार जातो, आणि सकाळी नऊ ते बारा ही आपल्या ओपीडीची वेळ त्याच्या लोकलची आणि पाळीची असते. त्याने यावे असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर संध्याकाळी उघड्या असणाऱ्या महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत रक्त घेण्याची सोय हवी, आणि नमुना कोणत्याही केंद्रात दिला तरी अहवाल बायकोच्या कागदांना जोडला गेला पाहिजे. दुसरी अडचण वेळेची. वारेच्या पेशींची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत आणि गर्भजलाची सुमारे १६ आठवड्यांपासून करता येते, तर पुष्कळ स्त्रिया पाचव्या महिन्यात पहिल्यांदा नाव घालतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताचा मार्ग कायद्याने खुला आहे, पण त्या टप्प्यावर आईच्या शरीराला आणि मनाला जे सोसावे लागते ते कायद्याने हलके होत नाही. तिसरी अडचण गावाची. सातव्या महिन्यात बाई कोकणात, साताऱ्याला किंवा उत्तर प्रदेशात माहेरी जाते आणि अहवाल मुंबईच्या फायलीत राहतो. म्हणून वाहक असल्याची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत असावी, असा माझा आग्रह आहे. ते कार्ड ती बरोबर नेते.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार, याच्या बाबतीत देशाने पाऊल उचलले आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले; आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. नंदुरबार, गडचिरोली, पालघर या जिल्ह्यांना त्याचा लाभ होईलच, पण विदर्भातून आणि खानदेशातून कामासाठी मुंबईत आलेली कुटुंबे येथे वस्तीत मिसळून गेली आहेत आणि त्यांना आदिवासी भागाचे निकष लागू होत नाहीत. सांधे दुखतात, वारंवार कावीळ होते, रक्त कमी आहे असे सांगत येणाऱ्या तरुणाला त्याचे मूळ गाव विचारावे. विद्राव्यता चाचणी केवळ सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण हे तिला कळत नाही आणि थॅलेसेमियाचा वाहक तर तिच्यातून सहज सुटतो. नवरा सिकलचा वाहक आणि बायको थॅलेसेमियाची वाहक असेल, तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून शहरात एचपीएलसीलाच प्राधान्य द्यावे. निदान लवकर झाले तर लहान मुलांना पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया देऊन त्यांचे आयुष्य पुष्कळ सुकर करता येते.

या शहरातील संशोधनातून पुढे आलेले एक उदाहरण हिवताप विभागातील सहकाऱ्यांसाठी देते. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता मुंबईतील पारशी समाजात असल्याचे संशोधन १९६३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर देशातील अनेक समाजांत ती आढळली. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास पुरुषांना अधिक होतो. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात, त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते, आणि जी६पीडी कमी असलेल्या माणसात तेच औषध तांबड्या पेशी फोडते. पावसाळ्यात मुंबईत व्हायवॅक्सचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यापैकी एखाद्याची लघवी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळपट होते, डोळे पिवळे होतात, आणि ती हिवतापाचीच कावीळ समजून औषध चालू राहते. ज्याची कमतरता आधी कळली आहे, त्याला देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे प्रायमाक्विन देता येते. जनुकीय माहितीमुळे येथे उपचार थांबत नाही, तो सुरक्षित होतो, आणि हे साध्य करण्यासाठी जनुकक्रम वाचण्याची गरज नसते. विकराची चाचणी पुरते.

हृदयविकार आणि कर्करोग यांत मात्र सर्वांची तपासणी सोडून एका घराकडे पाहावे लागते. कौटुंबिक उच्च कोलेस्टेरॉल हा दोष सुमारे २५० ते ३०० माणसांमागे एकाला असतो. अशा माणसाचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जन्मापासून वाढलेले असते, आणि उपचार न मिळाल्यास यांतील निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयरोग गाठतो. छातीत कळ येऊन चाळिशीतील माणूस अतिदक्षता विभागात दाखल झाला, त्याचे एलडीएल १९० च्या वर निघाले, तर या दोषाची शंका धरावी; तो असल्यास त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला हाच दोष असण्याची शक्यता ५० टक्के आहे. बाहेर बाकावर बसलेला भाऊ डबा घेऊन आलेला असतो. त्याचे रक्त त्याच सकाळी घेता येते. साधी लिपिड तपासणी आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे स्वस्त स्टॅटिन यांनी त्याचा झटका टळू शकतो. मला सर्वांत अधिक हळहळ वाटते ती या सुटलेल्या भावंडांबद्दल, कारण ती आपल्या दारात आलेली असतात.

स्तनाच्या कर्करोगात ५ ते १० टक्के रुग्णांत आजार आनुवंशिक असतो. बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांत दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या पुढे असते आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही मोठा असतो. निदान कमी वयात झाले असेल, दोन्ही स्तनांत आजार असेल, घरात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आधी त्या रुग्णाची जनुकीय तपासणी करावी आणि दोष सापडला तरच बहिणी-मुलींची. हा क्रम उलटा केला तर नुसता खर्च होतो आणि अहवालाचा अर्थ लागत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघरचे त्याचे संशोधन केंद्र येथे हे काम अनेक वर्षे चालू आहे. दवाखान्यातील डॉक्टरांचे काम एवढेच की मावशी, आत्या, आजी यांची चौकशी करून योग्य माणसाला तेथे पाठवावे. वडिलांकडच्या बायकांची चौकशी आपण विसरतो, पण दोष वडिलांकडूनही तितकाच येतो.

घराकडे पाहण्याची ही रीत परळला नवीन नाही. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली येथे बॉम्बे रक्तगट शोधला. साध्या चाचणीत हा रक्तगट ओ सारखा दिसतो, पण अशा रुग्णाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याचा दाता मिळण्याची सर्वांत चांगली शक्यता त्याच्या सख्ख्या भावंडांतच असते, म्हणून एक रुग्ण सापडला की रक्तपेढी त्याच्या घरच्यांना बोलावते. हीच पद्धत इतर आजारांना लावायची आहे.

नवजात बाळांच्या तपासणीविषयी थोडक्यात: टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मजात थायरॉईडची कमतरता, जी६पीडी आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा जन्मजात दोष एवढे तीन आजार प्रत्येक महापालिका प्रसूतिगृहात पाहिले जावेत. थायरॉईडची कमतरता बहुतेक वेळा आनुवंशिक नसते, पण थेंब तोच असतो, आणि गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बाळाची बुद्धी वाचते.

आता त्या बाजूकडे येते जिच्याशिवाय वरचे काहीही करू नये. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिकलसेलच्या तपासण्या घाईने सक्तीच्या केल्या गेल्या. वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांना समजावला गेला नाही, आणि निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला. त्याच दशकात सायप्रसमध्ये थॅलेसेमियाचा कार्यक्रम शिक्षण आणि समुपदेशन यांच्या जोडीने उभा राहिला, चर्चनेही साथ दिली, आणि तेथे नवे रुग्ण जन्माला येणे जवळजवळ थांबले. आपल्याकडे वाहक ठरलेल्या मुलीची सोयरीक मोडते, मुलाची सहसा मोडत नाही. गरोदरपणात आधी बाईचे रक्त घेतले जात असल्याने दोष तिच्याकडूनच आला असे सासरी ठरते. म्हणून अहवाल आधी तिच्या एकटीच्या हाती द्यावा, नवऱ्याला बोलावताना ही नेहमीची तपासणी आहे असेच सांगावे, आणि शक्य तेथे मुलामुलींची तपासणी एकत्र, लग्न ठरण्याच्या बरेच आधी, महाविद्यालयात स्वेच्छेने करावी. समाजांच्या नावाने शिबिरे भरवण्यात सोय आहे, पण त्यातून त्या समाजावर शिक्का बसतो; प्रसूतिगृहात सर्वांची सारखी तपासणी हा मला अधिक न्याय्य मार्ग वाटतो.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. त्यात आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीला, नोंदणीकृत केंद्रात आणि लेखी संमतीने, परवानगी आहे. भीतीपोटी रुग्णाला पुढे न पाठवणे हे कायद्याचे पालन नव्हे. विम्याबाबत, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली आनुवंशिक आजारांना सरसकट वगळणारे कलम भेदभावकारक ठरवले, तरी जनुकीय माहितीच्या गोपनीयतेसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने अहवाल मोबाइलवरच्या गटांत पाठवण्याची सवय आपण मोडलीच पाहिजे. शिवाय दाम्पत्याने सर्व ऐकून घेऊन गर्भ ठेवायचे ठरवले, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि त्या मुलाला रक्त, औषध आणि आदर यांत काहीही कमी पडता कामा नये. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहेत; हे पालकांना बहुधा कोणी सांगतच नाही.

तुमच्या दवाखान्यापुरते विचाराल, तर मंजुरीची वाट न पाहता काही गोष्टी होऊ शकतात. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सीबीसीवर एमसीव्ही आणि एमसीएच यांभोवती लाल शाईने गोल करण्याचे काम परिचारिकेला द्या. नोंदवहीत नवऱ्याच्या तपासणीचा रकाना वाढवा आणि तो रिकामा राहिला, तर आरोग्यसेविकेने आठ दिवसांत घरी जावे असे ठरवा. ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला घरात पुरुषाला ५५ च्या किंवा स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकार झाला का, आणि कोणाला पन्नाशीच्या आत कर्करोग झाला का, हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. एचपीएलसीसाठी नमुने गोळा करण्याचा वार जवळच्या मोठ्या रुग्णालयाशी बोलून नक्की करा; सीमारेषेवरचे आणि गुंतागुंतीचे अहवाल परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पाठवता येतात, ती केईएम रुग्णालयाच्या आवारातच आहे. समुपदेशकांची संख्या फार कमी आहे, तेव्हा एचआयव्ही समुपदेशनाचा अनुभव असलेल्या तुमच्या केंद्रातील कर्मचाऱ्यांनाच या कामाचे प्रशिक्षण द्यावे अशी मागणी वरिष्ठांकडे लेखी करा. गोपनीयता राखणे आणि जोडीदाराला विश्वासात घेणे हे त्यांना आधीच येते, शिकायची उरते ती फक्त आनुवंशिकतेची माहिती.